अकरा माणसं, तीन टेबलं: राजारामपुरीतल्या एका गेम-शनिवारचं प्रकरण

दर शनिवारी संध्याकाळी सात ते दहा भरणाऱ्या एका बोर्ड गेम बैठकीचं हे प्रकरण. जागा कोल्हापुरात राजारामपुरीत, एका शिकवणी क्लासची पहिल्या मजल्यावरची खोली. शनिवारी संध्याकाळी क्लास नसतो, बाकं जोडली की तीन टेबलं होतात आणि भाडं वर्गणीतून निघतं. दहाला खालच्या दुकानाचं शटर ओढलं जातं, त्यामुळे त्याआधी जिना रिकामा करावाच लागतो. अशा बैठकांत वरचेवर दिसणाऱ्या अडचणी इथे एकाच शनिवारात बसवल्या आहेत. माणसांची नावं दिलेली नाहीत.

कपाटात आठ खोकी: कॅटन (३ ते ४ खेळाडू), टिकेट टू राइड (२ ते ५), स्प्लेंडर आणि अझुल (दोन्ही २ ते ४), द क्रू (२ ते ५), जस्ट वन (३ ते ७), सिक्स निम्ट (२ ते १०) आणि कोडनेम्स (दोन संघ, चारपासून पुढे कितीही). अकरा माणसांना हा साठा पुरून उरतो. तरीही त्या शनिवारी इचलकरंजीहून आलेल्या एका काकांना दीड तासात जेमतेम वीस मिनिटं खेळायला मिळालं, आणि रात्री ग्रुपवर सूचना आली: 'अजून दोन गेम घ्यायला पाहिजेत.' ही सूचना चुकीची का आहे, ते पुढे येईलच.

त्या संध्याकाळी काय झालं

दुपारी ग्रुपवर विचारलं होतं, 'कोण कोण येणार?' आठ जणांनी हात वर केला. सातला हजर चौघे: तीन जुने खेळाडू आणि दुसऱ्यांदाच आलेल्या, बँकेत नोकरी करणाऱ्या एक ताई. चौघे आहेत म्हटल्यावर कॅटन निघालं. ७:१० ला मांडायला घेतलं.

७:२५ ला आणखी एक जुने खेळाडू अभियांत्रिकीच्या दोन विद्यार्थ्यांना घेऊन आले. विद्यार्थी पहिल्यांदाच येत होते. तिघांचं टिकेट टू राइड सुरू झालं. ७:४० ला आई, वडील आणि बारा वर्षांचा मुलगा असे तिघे आले, तेही नवेच. शिकवू शकतील अशी माणसं खोलीत दोनच. त्यातले एक कॅटनमध्ये अडकलेले, दुसरे विद्यार्थ्यांना मार्ग कसा घ्यायचा ते समजावत होते. "बसा की, सोपं आहे, आत पुस्तक आहे," असं म्हणून कुटुंबाच्या हातात स्प्लेंडरचं खोकं देण्यात आलं.

आठला काका आले. पावसामुळे एसटीला उशीर झाला होता. स्प्लेंडरमध्ये चौथ्याची जागा होती, पण डाव निम्म्यावर आलेला. "आता संपतंयच, थांबा पाच मिनिटं," असं त्यांना तिन्ही टेबलांवर आळीपाळीने सांगण्यात आलं.

टिकेट टू राइड ८:३५ ला संपलं. आता मोकळे चौघे झाले होते आणि चौघांना काहीही चाललं असतं, पण 'स्प्लेंडर संपलं की सात होऊ, मग कोडनेम्स खेळू' या आशेवर ते बसून राहिले. स्प्लेंडर संपलं ९:०५ ला. कोडनेम्स ९:१० ला सुरू झालं आणि ९:३० ला काका गाडीसाठी उठले. कॅटन ९:४० ला आटोपलं, तेही ताईंनी घड्याळाकडे बघायला सुरुवात केल्यावर.

कॅटन अडीच तास का चाललं

कॅटन हा क्लाउस टॉयबरचा १९९५ चा गेम: फाशांवर जो आकडा पडेल त्या आकड्याच्या षटकोनाला ज्याची वस्ती लागून, त्याला तिथल्या मालाचा पत्ता मिळतो, आणि आधी दहा गुण करणारा जिंकतो. साधारण सव्वा-दीड तासात तो संपतो, पण चौघांनाही तो येत असेल तरच. इथे तीन कारणं एकत्र आली.

पहिलं कारण मांडणीचं. बेटावर १९ षटकोन असतात: लाकूड, मेंढ्या आणि गहू प्रत्येकी चार, विटा आणि खनिज प्रत्येकी तीन, आणि एक वाळवंट. जुन्या खेळाडूंनी 'दर वेळी नवं बेट' म्हणून ते पिसून लावले. मग ६ आणि ८ चे लाल आकडे शेजारी आले म्हणून पुन्हा लावले. यातच वीस मिनिटं गेली. रूलबुकात नवख्यांसाठी ठरावीक मांडणीचं चित्र असतं, त्यात पहिल्या वस्त्या कुठे ठेवायच्या तेही दाखवलेलं असतं. टेबलावर एकही नवं माणूस असेल तर तीच मांडणी घ्यावी. जुन्यांना कंटाळवाणी वाटते, वाटू दे.

दुसरं कारण जास्त खोल आहे. ताईंनी पहिल्या दोन वस्त्या ठेवताना सगळ्या प्रकारचा माल मिळेल आणि बंदर जवळ असेल एवढंच पाहिलं. त्यांच्या एका वस्तीला ३, ११, ४ लागले आणि दुसरीला १०, १२, ५. आकड्याखाली छापलेले ठिपके म्हणजे दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी किती शक्यतांत तो आकडा पडतो त्याची मोजणी, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. २ आणि १२ ला एक ठिपका, ३ आणि ११ ला दोन, ४ आणि १० ला तीन, ५ आणि ९ ला चार, ६ आणि ८ ला पाच. ताईंचे एकूण ठिपके झाले १५. समोरच्या जुन्या खेळाडूकडे ६, ९, ४ आणि ८, ५, १०, म्हणजे २४. साठ वेळा फासे पडले तर निव्वळ या दोन वस्त्यांवर ताईंना सरासरी २५ पत्ते मिळणार आणि त्या खेळाडूला ४०. हा फरक सातव्या-आठव्या फेरीतच जाणवू लागतो. मग मागे पडलेलं माणूस प्रत्येक पाळीला देवघेवीची विनवणी करतं, बाकीचे नाही म्हणतात, आणि बोलण्यात वेळ जातो. वस्ती ठेवण्याआधी 'दोन्ही मिळून वीसच्या आसपास ठिपके बघा' एवढं एक वाक्य पुरतं.

तिसरं कारण वादाचं. एका खेळाडूने डेव्हलपमेंट पत्ता (माल देऊन घ्यायचा खास पत्ता) विकत घेतला आणि त्याच पाळीत सरदार म्हणून खेळला. नियमाप्रमाणे घेतलेला पत्ता त्याच पाळीत खेळता येत नाही. अपवाद विजयगुणाच्या पत्त्याचा, तोही त्याने दहा गुण पुरे होत असतील तर. पुस्तक शोधण्यात आणि वाचण्यात दहा मिनिटं मोडली. सात पडल्यावर किती पत्ते टाकायचे यावरही घोळ झाला. सातपेक्षा जास्त पत्ते असतील तरच निम्मे टाकायचे आणि अर्धा आला तर खाली धरायचं, म्हणजे आठावर चार आणि नवावरही चारच. हातात सातच असतील तर काहीच जात नाही.

अडीच तासांचा कॅटन हा गुन्हा नाही. मुद्दा असा की तो सातला सुरू झाला, जेव्हा निम्मी माणसं अजून वाटेत होती, आणि त्याने चार खुर्च्यांसोबत एक शिकवणारा माणूसही अडकवून ठेवला.

बाकीच्या दोन टेबलांवर काय बिघडलं

टिकेट टू राइड वेळेत संपलं, पण विद्यार्थ्यांचं मत पडलं, "यात कुणी कुणाच्या वाटेतच येत नाही राव." नकाशावर काही शहरांमध्ये शेजारीशेजारी दोन मार्ग असतात; तिघांत खेळताना अशा दुहेरी मार्गांपैकी एकच वापरायचा असतो, एकाने घेतला की दुसरा बंद. ही अट सांगायची राहून गेली. दोन्ही मार्ग खुले राहिले की नकाशा एकदम मोकळा होतो, अडवाअडवी संपते आणि गेमची निम्मी गंमत जाते. ॲलन मूनच्या या २००४ च्या गेमचे नियम इतके थोडे आहेत की एक निसटला तरी कुणाच्या लक्षात येत नाही. आकर्षण मात्र त्या एकावरच उभं असतं.

स्प्लेंडरमध्ये टोकनं देऊन कार्डं घ्यायची आणि घेतलेलं कार्ड पुढच्या खरेदीत सूट देतं. त्या टेबलावर एकाच वेळी तीन चुका झाल्या आणि तिन्ही पुस्तक घाईत वाचणाऱ्याच्या नेहमीच्या आहेत. रत्नांची टोकनं प्रत्येक रंगाची सात असतात, पण ती सगळी चौघांसाठी. तिघांना पाच आणि दोघांना चार. यांनी सातच्या सात ठेवली. हातात दहापेक्षा जास्त टोकनं ठेवता येत नाहीत, तेही राहिलं. आणि वरच्या सरदारांच्या फरशा टोकनं देऊन विकत घ्यायच्या असं त्यांना वाटलं; खरं तर त्या जमवलेल्या कार्डांवरच्या रत्नांनी आपोआप मिळतात, त्यासाठी काही मोजावं लागत नाही आणि पाळीही खर्च होत नाही.

परिणाम मजेशीर झाला. साठवणीला मर्यादा नसल्याने कुणी खालच्या ओळीतली स्वस्त कार्डं घेईना. सगळे सरळ वरच्या ओळीसाठी टोकनं साठवत बसले. वरचं एक कार्ड दहा-बारा टोकनांना पडतं आणि एका पाळीत फार तर तीन टोकनं उचलता येतात, म्हणजे एका कार्डासाठी चार पाळ्या. स्वस्त कार्डांमुळे मिळणारी कायमची सूट कुणाकडेच नव्हती. अर्ध्या-पाऊण तासाचा गेम सव्वा तास रेंगाळला तो असा.

निदान

खोकी आठ होती आणि त्यातली चार संध्याकाळभर उघडली गेली नाहीत; पाचवं, कोडनेम्स, निघालं तेही अगदी शेवटी. तुटवडा दोनच गोष्टींचा होता: शिकवणाऱ्या माणसांचा, आणि टेबलं एकाच सुमाराला मोकळी होण्याचा. तिन्ही टेबलं वेगवेगळ्या वेळी संपली (८:३५, ९:०५, ९:४०), त्यामुळे माणसांची पुन्हा वाटणी कधी झालीच नाही. नवे दोन गेम आणले असते तर शिकवायच्या गोष्टी दोनने वाढल्या असत्या, एवढंच.

कॅटनचं पाच-सहा जणांचं जोडखोकं घ्यावं असंही कुणी सुचवलं. आमचं मत विरुद्ध आहे. सहा जणांत आपली पाळी यायला वेळ लागतो, डाव आणखी लांबतो आणि अकरांतली सहा माणसं एकाच टेबलाला बांधली जातात.

तीच अकरा माणसं, वेगळी वाटणी

सुरुवात ग्रुपवरच्या प्रश्नापासून. 'येणार का' याऐवजी 'किती वाजता येणार' विचारायचं आणि तीन पर्याय द्यायचे: ७, ७:३०, ८ नंतर. कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम असेल आणि शाहू स्टेडियमवर मोठा सामना असेल तर पहिला पर्याय जवळपास रिकामा राहतो, हे गृहीत धरावं.

सात ते साडेसात फक्त सिक्स निम्ट. वोल्फगांग क्रॅमरचा हा १९९४ चा पत्त्यांचा गेम या वेळेसाठीच केल्यासारखा आहे. १ ते १०४ आकड्यांचे पत्ते, प्रत्येकाला दहा, मध्ये चार रांगांना एकेक. दहा जण बसले तर १०० अधिक ४, सगळा कॅट संपतो. सगळे एकदम एक पत्ता उलटा ठेवतात, उघडतात, लहान आकड्यापासून लावत जातात. प्रत्येक पत्ता त्याच्याहून लहान पण सर्वांत जवळच्या शेवटाच्या रांगेत जातो. रांगेत सहावा पत्ता ज्याचा, त्याने आधीचे पाच उचलायचे. उचललेल्या पत्त्यांवरची बैलांची डोकी म्हणजे दंड. बहुतेक पत्त्यांवर एक डोकं, पण ५५ वर सात. एक वाटणी दहा मिनिटांत होते. दंडाची डोकी ६६ होईपर्यंत मोजत बसायचं नाही. प्रत्येक वाटणी स्वतंत्र धरायची, म्हणजे पुढच्या वाटणीला नवा माणूस सहज बसतो. चौघांनी सुरू करावं, ७:२५ ला आलेले तिघे पुढच्या डावात.

साडेसातला सात जण आहेत. आता फोडायचं, पण एक टेबल मुद्दाम लवचीक ठेवून. पहिल्या टेबलावर अझुल: ताई, दोन विद्यार्थी आणि शिकवणाऱ्यांपैकी एक. शिकवण्यासकट ८:२५ पर्यंत एक डाव आरामात होतो. दुसऱ्या टेबलावर उरलेले तीन जुने, त्यातच दुसरा शिकवणारा, जस्ट वन घेऊन बसतात. यात एकाने लपलेला शब्द ओळखायचा आणि बाकीच्यांनी त्यासाठी सूचक शब्द लिहायचे; तिघांत खेळताना प्रत्येकाने दोन. ७:४० ला कुटुंब येतं, सहा होतात, आता एकेकच शब्द. आठला काका आले की सात, आणि जस्ट वनची मर्यादा सातच आहे. हा गेम सगळे मिळून एका बाजूने खेळतात, प्रत्येक कार्ड स्वतंत्र असतं, त्यामुळे मध्येच येऊन बसणाऱ्याला काहीच चुकत नाही. तेरा कार्डं साधारण वीस-पंचवीस मिनिटांत होतात. त्यानंतर तेच सात जण कोडनेम्स घेतात, तीन विरुद्ध चार. रात्री ८:३० ला दोन्ही टेबलं थांबतात.

८:३० ते ८:४५ भेळ. खाणं टेबलावर येऊ द्यायचं नाही, गॅलरीत उभ्याने. चिंचेचं पाणी आणि फरसाणाचं तेल पत्त्यांना लागलं की डाग कायमचा, आणि डाग पडलेला पत्ता पाठीवरून ओळखता येतो. पण मध्यंतराचा खरा फायदा दुसराच आहे: सगळे उठलेले असतात, त्यामुळे कोण कुठे बसणार ते ठरवताना कुणाला उठवावं लागत नाही.

८:४५ ला दुसरी वाटणी. कॅटनला ताई आणि दोन जुने, तिघांत, नवख्यांच्या मांडणीवर, ९:४५ नंतर नवी फेरी सुरू करायची नाही आणि तेव्हा ज्याचे गुण जास्त तो जिंकला, हे आधीच ठरवून. टिकेट टू राइडला विद्यार्थी आणि एक शिकवणारा. द क्रूला कुटुंब, काका आणि दुसरा शिकवणारा, पाच जण. ९:३० ला काका उठले तरी चौघांत खेळ पुढे चालतो, कारण द क्रू छोट्या-छोट्या मोहिमांत खेळला जातो आणि दोन मोहिमांच्या मध्ये उठता येतं.

कुटुंबाला द क्रू देण्यामागे हिशेब आहे. "आम्हाला फक्त पत्तेच येतात," असं म्हणणारी माणसं मेंढीकोट खेळलेली असतात, म्हणजे हात, हुकूम आणि उतारीचा रंग पाळणं त्यांना शिकवावं लागत नाही. चाळीस पत्ते: चार रंगांचे १ ते ९, आणि चार रॉकेट, जी कायमची हुकूम. ज्याच्याकडे चारचं रॉकेट तो कप्तान. फरक एवढाच की इथे सगळे एका बाजूला असतात आणि कुणी कोणता पत्ता असलेला हात घ्यायचा, ते मोहिमेत ठरलेलं असतं. एक सवय मात्र मोडावी लागते: मेंढीकोटातल्या भुवया उडवण्याच्या खाणाखुणा. मोहिमेत प्रत्येकाने एकदाच, टोकन ठेवून एक पत्ता दाखवायचा; टोकन वर म्हणजे त्या रंगातला माझा सर्वांत मोठा, खाली म्हणजे सर्वांत लहान, मध्ये म्हणजे एकुलता एक. हुकूम असा दाखवता येत नाही.

पाच माणसं आली तर टिकेट टू राइड किंवा द क्रू एकाच टेबलावर, सहा आली तर तीन-तीन, नऊ आली तर पाच आणि चार. पाच-सहा जणांना चार खेळाडूंच्या गेमसमोर बसवून 'तू बघ, पुढच्या डावात घेतो' म्हणणं टाळावं. बघायला बसवलेलं नवं माणूस पुढच्या शनिवारी बहुधा येत नाही.

शिकवायचं कसं

टिकेट टू राइडचं उदाहरण घेऊ, सहा-सात मिनिटांचं. आधी शेवट सांगायचा: कुणाकडे दोन किंवा त्याहून कमी रेल्वेचे डबे उरले की त्याच्यासकट सगळ्यांना एकेक पाळी, मग गुण मोजायचे. प्रत्येकाला ४५ डबे असतात, म्हणून शेवट किती लांब आहे ते सगळ्यांना दिसतं. मग गुण कुठून येतात: मार्ग (एक डब्याला १, दोनला २, तीनला ४, चारला ७, पाचला १०, सहाला १५), पुरी केलेली तिकिटं (म्हणजे तिकिटावरची दोन शहरं जोडणं), आणि सर्वांत लांब सलग वाटेला १०. अपुरं तिकीट वजा होतं, हे इथेच ठासून सांगावं. त्यानंतर पाळीतल्या तीन कामांपैकी एक: दोन पत्ते उचलायचे, किंवा मार्ग घ्यायचा, किंवा नवी तिकिटं. रंग जमवणं रमीसारखं आहे एवढं म्हटलं की पत्ते खेळणाऱ्याला पुढचं कळतं.

अपवाद सर्वांत शेवटी: उघडं इंजिन उचललं तर एकच पत्ता, पाच उघड्यांत तीन इंजिनं आली तर पाचही बदलायचे, आणि तीन किंवा कमी खेळाडूंत दुहेरी मार्ग एकदाच. सुरुवातीला तीन तिकिटांतली किमान दोन ठेवायची, पुढे उचलताना किमान एक. नकाशा अमेरिकेचा असल्याने 'सू सेंट मेरी' (Sault St. Marie) शोधताना नवं माणूस गांगरतं. प्रत्येक तिकिटावर छोटा नकाशा छापलेला असतो, तो आधी दाखवावा. भारताचा नकाशाही वेगळ्या जोडखोक्यात मिळतो, पण तो चौघांपर्यंतच आणि डबे-पत्ते मूळ खोक्यातलेच लागतात.

स्प्लेंडरसारख्या चुका टाळायचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेली चिठ्ठी. तीन-चार ओळी पुरतात: '२ जण: ४ टोकनं. ३ जण: ५. ४ जण: ७. सोनं नेहमी ५. सरदार: खेळाडूंपेक्षा एक जास्त. हातात जास्तीत जास्त १०.' टिकेट टू राइडच्या झाकणात 'तिघांत दुहेरी मार्ग बंद'. ज्या चुका या खोलीत झाल्या त्याच लिहाव्यात, अख्खं पुस्तक उतरवू नये.

मराठी शब्दांचा गठ्ठा

बारा वर्षांच्या मुलाला आणि त्याच्या आजूबाजूच्या मोठ्यांनाही कोडनेम्सचे इंग्रजी शब्द अडतात. या गेममध्ये संघातला एकजण एक सूचक शब्द देतो आणि बाकीच्यांनी त्यावरून आपल्या संघाचे शब्द ओळखायचे. उपाय सोपा आहे, कारण कोणता शब्द कोणत्या संघाचा ते दाखवणाऱ्या किल्लीच्या कार्डांवर शब्द नसतात, फक्त रंगांचे चौकोन असतात. २५ शब्दांची पाच बाय पाच मांडणी, सुरू करणाऱ्या संघाचे ९, दुसऱ्याचे ८, सात तटस्थ आणि एक मारेकरी (तो उघडला की डाव हरला), हे सगळं तसंच राहतं. जाड कागदाचे तुकडे कापून दोनेकशे शब्द लिहिले की काही महिने पुरतात. शब्द निवडताना अनेक अर्थांचे घ्यावेत: पान, कर, हार, तार, काटा, माळ, पाट, वर, नाव, भाव, कळ, पत्र. 'काटा' असेल तर गुलाब, घड्याळ, वजन आणि मासा असे चारही रस्ते उघडतात. नुसते 'टेबल', 'खुर्ची' भरले तर खेळ सपाट होतो.

मराठीत भांडणं विभक्तीवरून आणि समासावरून होतात, म्हणून दोन गोष्टी आधीच ठरवाव्यात. टेबलावर दिसणाऱ्या शब्दाचं कोणतंही रूप किंवा तो शब्द पोटात असलेला जोडशब्द सूचक म्हणून चालणार नाही. 'पान' समोर असताना 'पानपट्टी' बाद. आणि नुसता इंग्रजी प्रतिशब्दही बाद. जस्ट वनमध्ये हा दुसरा नियम मूळ पुस्तकातच आहे. तिथे दोघांचे शब्द जुळले की दोन्ही पुसले जातात. 'पाऊस' आणि 'पावसाळा' जुळले असं धरायचं की नाही, हे मात्र टेबलाने ठरवावं. आम्ही जुळले असंच धरू.

जुलै, कपाट आणि मोजणी

पावसाळ्यात कोल्हापूरची हवा पुठ्ठ्याच्या जिवावर उठते. कॅटनचे षटकोन कडेने उचलले जातात, चौकटीत बसत नाहीत. बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात खोकी ठेवूच नयेत. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या पेटीत ठेवावीत, सोबत रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या पिशव्या. नारंगी दाणे हिरवे झाले की ओल भरली. पिशवीतून काढून साधारण १२० अंशांवर ओव्हनमध्ये वाळवले की पुन्हा चालतात. वाकलेले तुकडे उन्हात टाकू नयेत, उलट्या बाजूला वळतात. जड पुस्तकांखाली काही दिवस दाबून ठेवावेत.

पत्त्यांना स्लीव्ह (पारदर्शक प्लास्टिकची पाकिटं) घालायच्या तर मापं बघून घ्याव्यात: कॅटनचे पत्ते ५४ बाय ८० मिमी, स्प्लेंडरचे ६३.५ बाय ८८. टिकेट टू राइडच्या मूळ आवृत्तीचे छोटे, ४४ बाय ६८, आणि ते ११० असल्याने स्लीव्ह घातल्यावर एका गठ्ठ्यात उभे राहत नाहीत, दोन करावे लागतात. स्लीव्ह घातलेले पत्ते पंख्याखाली सरकतात, म्हणून पंखा एकवर.

आवरताना मोजणी ज्याने खोकं उघडलं त्यानेच करायची, दहाच्या पंधरा मिनिटं आधी. कॅटनमध्ये प्रत्येक रंगाचे १५ रस्ते, ५ वस्त्या, ४ शहरं. मालाचे पत्ते प्रत्येकी १९, एकूण ९५. डेव्हलपमेंट पत्ते २५. स्प्लेंडरची ४० टोकनं आणि ९० कार्डं. अझुलच्या १०० फरशा, पाच रंगांच्या वीस-वीस. रंगाप्रमाणे तुकडे वेगळ्या झिप पिशव्यांत ठेवले तर मोजायला दोन मिनिटंही लागत नाहीत. दागिन्यांसाठीच्या छोट्या पिशव्या गुजरीच्या आसपास सहज मिळतात. मोजणी चुकली तर खोकं बंद करण्याआधी बाकांच्या कप्प्यांत आणि शेजारच्या गेमच्या पिशव्यांत बघावं. हरवलेला निळा रस्ता बहुतेक वेळा टिकेट टू राइडच्या निळ्या डब्यांत सापडतो.